आधी लव्हॉन, मग प्रेस

आमच्या गावात कुणाची पिन मोडली की तो मोडका तुकडा कागदात गुंडाळून आर्व्हिड टॉलेफसनकडे घेऊन जायचा. आर्व्हिड चष्मा कपाळावर चढवायचा, भिंग डोळ्याला लावायचा, तुकडा खिडकीच्या उजेडात धरायचा आणि मग आणणाऱ्याकडे असं बघायचा की त्याला आपलंच काहीतरी चुकलंय हे आधीच कळावं.

ही पिन म्हणजे दाभणाच्या टोकाएवढी पोलादी काडी. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी प्रेसमध्ये लावून दांडा खाली ओढला की पुंगळी वर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, शिरते. तिथे ही काडी तिच्या पोटातून जाऊन तळाच्या बारीक भोकातून ठिणगी पाडणारी, आता जळकी, टोपी बाहेर ढकलते. मग नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी, की काडतूस पुन्हा तयार. आमच्या खोऱ्यात, ज्युडिथ बेसिनमध्ये, ऑक्टोबरात एल्क, म्हणजे मोठं सांबर, पाडून वर्षभराचं मांस फ्रीजरमध्ये भरायची रीत आहे. त्यामुळे अर्ध्या गावाच्या गॅरेजात असली प्रेस आहे, आणि पिना मोडणारे त्याहून जास्त आहेत.

पिन वाकून मोडली असेल तर आर्व्हिड म्हणायचा, डायमध्ये ती मधोमध बसलेली नाही, सैल करून पुन्हा आवळ. टोक चेपलेलं असेल तर पिन फार खाली उतरवली आहेस. नुसती ताणून तुटली असेल तर तू लष्करी पुंगळ्या आणल्या आहेस, त्यांची टोपी कडेनं ठेचून बसवलेली असते, ती रेटून निघत नाही. एकदा गॉर्डी फेन्स्कीने कुठूनतरी स्वस्तात परदेशी पुंगळ्यांचा डबा उचलला. त्या पुंगळ्यांना तळाशी मधोमध भोक नसतंच, बाजूला दोन बारीक भोकं असतात. गॉर्डीने ओळीने चार पिना मोडल्या आणि पिना बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आर्व्हिडकडे आला.

"पहिली मोडली तेव्हा नशीब म्हणायचं," आर्व्हिड म्हणाला. "दुसरी मोडली की थांबून आत बघायचं. तू चार मोडल्यास, गॉर्डी. आता पिन तपासून काय करू, तुलाच तपासायला हवं."

एवढं बोलला म्हणजे त्याची महिन्याची शिदोरी संपली. चौतीस वर्षं त्याने काउंटीचा ग्रेडर चालवला. रस्ते सपाट करायचे, खडी पसरायची, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. केबिनमध्ये एकटा बसून बसून माणसाचं बोलणं आटतं. आमच्या रायफल क्लबच्या मैदानावरची खडीही त्यानेच पसरलेली, एका शनिवारी, फुकट.

मी लीलंड ह्रुस्का. धान्याच्या एलेव्हेटरवर, म्हणजे उंच यांत्रिक कोठारावर, एकतीस वर्षं यंत्रं सांभाळली. पट्टा कुठे घासतोय, बेअरिंग कुठलं तापलंय हे मी आवाजावरून सांगायचो. बिघाड शोधण्यात या गावात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या बढाईतूनच झालं.

आर्व्हिडची बायको लव्हॉन. गावच्या पोस्टात अठ्ठावीस वर्षं तिने पत्रं वेगळी केली. बोटांत अशी नजर की टू-सेव्हंटी रायफलीची पुंगळी जवळपास तशाच दिसणाऱ्या थर्टी-ऑट-सिक्सच्या ढिगात मिसळली तर न बघता, नुसत्या चाचपण्यावरून काढून बाजूला ठेवायची. लग्नाच्या पहिल्या वर्षीच आर्व्हिडने प्रेस घेतली आणि पहिल्याच दिवशी पिन मोडली. पुंगळी उडून खडीत पडली तेव्हा तिच्यात मैदानावरचा खडा गेला होता, मसुराएवढा. तो नेमका तळाच्या भोकावर बसलेला, पिन त्याच्यावर आदळली आणि टक्. लव्हॉनने ती पुंगळी उलटी करून खडा काढला आणि म्हणाली म्हणे, "मला आधी देत जा. तुला नुसती दांडा ओढायची घाई."

तेव्हापासून त्या घरात नियम होता, आधी लव्हॉन, मग प्रेस. स्वयंपाकघराला लागून मागची बंदिस्त पडवी, तिच्यात खिडकीखाली बाक. डावीकडे लव्हॉनचं स्टूल, उजवीकडे प्रेस. ती बादलीतून पुंगळी उचलायची, उलटी करून बाकावर दोनदा आपटायची, खिडकीकडे धरून एक डोळा मिटून आत बघायची आणि म्हणायची, "ठीक." मग ती आर्व्हिडच्या हातात. खडा निघाला तर तो पांढऱ्या एनॅमलच्या वाडग्यात टाकायची. टण्ण आवाज व्हायचा आणि आर्व्हिड मान न वळवता म्हणायचा, "वाचवलंस." पन्नास वर्षं हे चाललं. वाडगा काठोकाठ भरला होता. तो तिने कधी रिकामा करू दिला नाही, ती तिची कमाई होती.

गावातल्या निम्म्या लोकांच्या पुंगळ्या या दोघांच्या हाताखालून जायच्या. आपली बादली, आपली दारू, आपल्या गोळ्या घेऊन जायचं, आणि निघताना ॲपल-पाय किंवा मुरंब्याची बरणी ठेवून यायचं. तो काडतुसं विकायचा नाही. विकण्यात बोलावं लागतं.

सत्तरी उलटल्यावर लव्हॉनचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग चर्चमधल्या प्रार्थनांचा क्रम. त्या वर्षी मार्चमध्ये ती पहाटे उठून सपाता घालून बर्फातून पोस्टात निघाली. ते पोस्ट बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. दूध आणायला निघालेल्या माणसाला ती दारात उभी दिसली, किल्ली शोधत. पायाची दोन बोटं काळी पडली, पण वाचली.

त्यांची मुलगी रेने बिलिंग्ज शहरात बँकेत. ती धावत आली आणि आईला तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणून हटून बसली. तिचंही चुकत नव्हतं. मी त्या दिवशी तिथे होतो, म्हणून आर्व्हिडचं उत्तर ऐकलं.

"ती काम करते रेने," तो म्हणाला. "रोज सकाळी दोन तास. तिच्यावाचून माझं अडतं. काम करणाऱ्या माणसाला कुणी तसल्या ठिकाणी टाकत नाही."

रेने बराच वेळ रडली. शेवटी ठरलं, की आईला बाकावरचं काम जमतंय तोवर ती घरी. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी बाबांनी हट्ट करायचा नाही. आर्व्हिडने मान हलवली. रेने एक रविवार सोडून येऊ लागली, आणि आली की आधी पडवीत जाऊन आईच्या मागे उभी राहायची. टक्-टक्, ठीक. टक्-टक्, ठीक. ते ऐकून तिच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसायचं.

जूनमध्ये आर्व्हिडच्या पिना मोडू लागल्या.

पन्नास वर्षांत त्याच्या हातून मोडलेल्या पिना कॉफीच्या एका छोट्या डब्यात मावत होत्या. आता आठवड्याला तीन, चार. दुकानदार मला म्हणाला, टॉलेफसन पाच-पाच पिनांची पाकिटं नेतोय, तेही तीन-तीन. ऑगस्टमध्ये लोकांच्या बादल्या वेळेवर परत येईनात. क्लबमध्ये गॉर्डीला तर उधाण आलं.

"डॉक्टरच आजारी पडला की रे," तो म्हणाला. "आता त्याने आपला तुकडा कुणाकडे न्यायचा? माझ्याकडे आला तर मी सांगतो, बाबा रे, पिन नाही, तुलाच तपासायला हवं."

सगळे हसले. मला मात्र झोंबलं. आर्व्हिड माझा चाळीस वर्षांचा शेजारी. आणि खरं सांगायचं तर नुसती कीव नव्हती. आर्व्हिडला न सुटलेला बिघाड मी सोडवून दाखवला तर, हेही मनात होतंच.

मी पडवीत जाऊन विचारलं. तो म्हणाला, "पिनाच हलक्या येतात आजकाल."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

आर्व्हिडने मालाला दोष दिलेला मी जन्मात ऐकला नव्हता. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. पण मला बिघाड दिसला की माणूस दिसत नाही. मी म्हणालो, आपण एकेक गोष्ट बदलून बघू, एका वेळी एकच. ही तर त्याचीच शिकवण होती, त्याला नाही म्हणता येईना. मी माझी डाय आणली. पिन मोडली. पुंगळी धरायचं बूड बदललं. मोडली. माझ्याकडच्या नव्या पाकिटातल्या पिना दिल्या, त्यातली दुसऱ्या दिवशी मोडली. पुंगळ्या बदलल्या, माझ्याच, माझ्याच रायफलीतून उडवलेल्या. त्याही मोडल्या. मोडलेला तुकडा बघू दे म्हटलं तर तो डबा खिशात घालायचा. हे सगळं चाललेलं असताना लव्हॉन तिच्या स्टुलावर बसून आपटत होती, बघत होती, ठीक म्हणत होती, आणि मी तिच्या डोक्यावरून हात लांब करून स्क्रू आवळत होतो. काखेत कळसा म्हणतात तो असा.

माझी बायको मार्लिस एकदा म्हणाली, "आर्व्हिडने तुला बोलावलंय का?"

"नाही."

"मग तू रोज तिकडे काय उपटतोस?"

मी म्हणालो, तुला यंत्रातलं कळत नाही. ती म्हणाली, यंत्रातलं नसेल कळत, पण ज्या माणसाला बिघाड सापडायला नको असतो तो कसा दिसतो ते कळतं. मी जेवलो आणि खुर्चीतच झोपलो. तिचं बोलणं मला खूप उशिरा आठवलं.

सप्टेंबरचा तिसरा रविवार. चर्च आटोपून आम्ही त्यांच्याकडे कॉफीला गेलो. रेने आली होती. तिने आईच्या पद्धतीने लेफ्से केल्या होत्या, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून. लव्हॉनने त्या खाऊन विचारलं, कुणी केल्यात, फार छान आहेत. रेने म्हणाली, तूच शिकवल्यास. लव्हॉन खूश झाली. दिवस चांगला होता तिचा.

कॉफीनंतर ती आपणहून उठली आणि पडवीत स्टुलावर जाऊन बसली. आर्व्हिड तिच्यामागे गेला. मग आम्ही सगळे गेलो, रेने दाराच्या चौकटीला टेकून उभी. माझ्या खिशात बंदुकीची नळी तपासायचा छोटा दिवा होता, पेन्सिलीएवढा. आदल्या दिवशी अंथरुणावर पडल्या पडल्या मला सुचलं होतं, की सगळं बदललं, पण पुंगळीच्या आत आपण बघितलंच नाही. लव्हॉन बघते म्हणून कुणीच बघत नाही.

टक्-टक्. ठीक. तिने पुंगळी आर्व्हिडकडे पुढे केली. मी मध्येच हात घालून ती घेतली आणि दिवा लावला. आत खडा. भोकावर बरोबर बसलेला.

"थांब," मी म्हणालो. पुढची घेतली. आत खडा. तिसरीत काही नाही. चौथीत खडा. आणि तेव्हा मी तिच्या हाताकडे बघितलं. ती पुंगळी उलटी करून आपटत होती, उजेडात धरून बघत होती, ती रिकामी दिसली की तिच्या कपाळाला आठी पडत होती. मग तिचा डावा हात हळूच वाडग्याकडे जायचा, चिमटीत एक खडा घ्यायचा आणि पुंगळीत सोडायचा. मग चेहरा मोकळा व्हायचा. ठीक.

तिच्या लेखी पुंगळी, खडा आणि तिचा हात यांचा काहीतरी संबंध होता, एवढं शिल्लक राहिलं होतं. कुठला संबंध, ते गेलं होतं.

हे सगळं मला आज कळतं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं, की मी जिंकलो. तीन महिने नडलेला बिघाड मी पकडला होता. आणि मी मोठ्याने, वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सापडलं. पिनांचं काही नाही रे आर्व्हिड, लव्हॉनच खडे घालतेय."

आर्व्हिडने दांड्यावरचा हात काढला नाही.

"मला माहीत आहे, लीलंड," तो म्हणाला. "जूनपासून."

मी दिवा विझवायचा विसरलो होतो. तो माझ्या हातात नुसता जळत होता. लव्हॉनने चिमटीतल्या खड्याकडे बघितलं, मग वाडग्याकडे, मग आर्व्हिडकडे.

"मी खडे काढते ना रे?" तिने विचारलं.

"तूच काढतेस," आर्व्हिड म्हणाला. "तू वाचवतेस मला."

पण तिचा चेहरा तसाच राहिला. तिने खडा आपल्या मांडीवर ठेवला, पुंगळी बाकावर ठेवली आणि दोन्ही हात एप्रनखाली घेतले. काही चूक केल्यावर लहान मुलं हात लपवतात तसे. त्यानंतर ते हात त्या बाकावर आले नाहीत. आर्व्हिडने सोमवारी पुंगळी पुढे केली, मंगळवारी केली. ती मान हलवायची आणि म्हणायची, नको, माझ्याकडून बिघडतं.

रेने दारातून सगळं बघत होती. तिने भांडण केलं नाही. संध्याकाळी गाडीत बसताना वडिलांच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, ठरलं होतं आपलं."

तो म्हणाला, "हो. ठरलं होतं."

मला नंतर एकेक कळत गेलं. लव्हॉन दुपारी झोपली की तो सगळ्या पुंगळ्या पुन्हा दिव्यापुढे धरायचा. लोकांच्या काडतुसात एकही खडा गेला नाही, याची त्याने खात्री केली होती. सकाळी मात्र तिच्या हातातून आलेल्यांतल्या काही आत न बघता प्रेसमध्ये लावायचा, बाकीच्या तशाच डब्यात साठवायचा. तिच्यादेखत आत बघितलं असतं तर तिला समजलं असतं, की आपल्या ठीकवर याचा विश्वास उरलेला नाही. म्हणून दांडा ओढायचा, खडा कडेला सरकला तर बरं, नाही सरकला तर टक्. मग म्हणायचा, पिनच हलकी होती, लव्हॉन. आणि ती म्हणायची, जपून ओढत जा.

पिना मोडणं एवढ्या भावात त्याने उन्हाळाभर बायको घरात ठेवली होती. आणि मी शहाणा दिवा घेऊन गेलो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रेने तिला बिलिंग्जला घेऊन गेली. आर्व्हिड एक दिवसाआड जायचा, जायला अडीच तास, यायला अडीच तास. पहिल्याच खेपेला त्याने खिशातून दहा-बारा पुंगळ्या नेल्या होत्या, धुऊन, चकचकीत करून. वाटलं असेल, तिथे कुणी ओळखीचं नाही, तिथे घेईल हातात. तिथल्या बाईंनी त्या काढून घेतल्या. काडतुसाचं काही आत चालत नाही, रिकामं असलं तरी. बाई सभ्यपणे बोलल्या, नियमच तसा होता. त्याने वाद घातला नाही. येताना माझ्या दारात गाडी थांबवली, काच खाली केली, म्हणाला, घेऊ दिल्या नाहीत, आणि गेला. एवढंच सांगायला थांबला होता. माझ्यावर राग काढता आला असता त्याला, हक्क होता. तो राग काढत नाही याचाच मला त्रास व्हायचा, अजून होतो.

त्या वर्षी मी एल्कला गेलो नाही. मार्लिसने कारण विचारलं नाही.

जानेवारीत मी एकदा आर्व्हिडबरोबर बिलिंग्जला गेलो. जेवणाच्या खोलीत लव्हॉन खिडकीपाशी बसली होती, खूप वाळली होती. तिने मला ओळखलं नाही, आणि मी देवाचे आभार मानले, इतका मी भेकड. तिच्यापुढे मिठाची बाटली होती. बसल्या बसल्या तिने ती उचलली, उलटी केली, टेबलावर दोनदा आपटली, खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून आत बघितलं. ओठ हलले. मग बाटली हातात धरून ती वाट बघत राहिली. घ्यायला कुणीतरी उजवीकडे असायला हवं होतं. आर्व्हिड समोर बसला होता. तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या उजवीकडे बसला आणि त्याने हात पुढे केला. तिने बाटली त्याच्या हातात ठेवली. सांडलेलं मीठ मी तळव्याने गोळा करत राहिलो, दुसरं काय करू ते सुचेना.

फेब्रुवारीच्या शेवटी ती गेली. जमीन गोठलेली होती, खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. लुथरन चर्चच्या तळघरात हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस-बटाटा, आणि कॉफी झाली. गॉर्डी फेन्स्की माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तिने माझ्या पुंगळ्यांच्या बादलीतून एकदा माझी वेडिंग रिंग काढून दिली होती रे. मी तर शोधायचंही सोडून दिलं होतं." आणि तो तिथेच, हातात कागदी बशी घेऊन, रडायला लागला.

मेमध्ये आर्व्हिडने पुन्हा प्रेसला हात लावला. लोकांनी बादल्या नेल्या. मीही नेली, कारण न नेणं जास्त वाईट दिसलं असतं. आता तो स्वतःच आपटायचा, स्वतःच बघायचा, आणि ठीक म्हणायचा नाही. एक दिवस सहज म्हणाला, "महिना झाला, एक पिन मोडली नाही." दुसरा कुणी हे फुशारकीने सांगेल. तो असं सांगत होता जसं कुणी सांगतं, की महिना झाला, घरात कुणाचं पत्र नाही.

खिडकीच्या कट्ट्यावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात पुंगळ्या होत्या, साठेक. मी विचारलं, या कुणाच्या, लावायच्या का? तो म्हणाला, "त्या राहू दे. त्या तिने बघितलेल्या आहेत."

त्या रविवारच्या. मी दिवा लावण्याआधीच्या, आणि त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांच्या, प्रेसला न लावता साठलेल्या. त्या त्याने दुपारी दिव्यापुढे धरल्या नव्हत्या. वेळच मिळाला नव्हता, आणि नंतर धरवल्या नाहीत.

मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून पिनांचं एक पाकीट आणलं. त्याच्या बाकावर ठेवलं. त्याने पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते खणात टाकलं. तेव्हापासून मी महिन्याला एक पाकीट नेतो. माफी मागायची म्हणून मी तीनदा गेलो होतो, तिन्ही वेळा हवेबद्दल बोलून परत आलो. पाकीट ठेवणं मला जमतं.

आता त्याची रीत अशी, की चर्चवरून आला की कोट न काढता पडवीत जायचं आणि त्या डब्यातली एक पुंगळी घ्यायची. एकच. आपटायची नाही, आत बघायचं नाही. ती प्रेसमध्ये लावायची आणि दांडा ओढायचा. बहुतेक वेळा पिन सरळ जाते, जुनी टोपी खालच्या डब्यात पडते. मग तो थोडा वेळ उभा राहतो आणि कोट काढतो. मला त्याने कधी बोलावलं नाही, आणि मी आलो तर ये म्हटलंही नाही. पण माझ्यासाठी तो दार उघडं ठेवतो, आणि मी स्टुलाच्या मागे भिंतीशी उभा राहतो. स्टुलावर कुणी बसत नाही. वाडगा जिथे होता तिथेच आहे.

गेल्या रविवारी डब्यात एकतीस उरल्या होत्या. त्याने वरची उचलली, लावली आणि दांडा ओढला. मधेच तो अडला. त्याच्या मनगटाला ते आधी कळलं, माझ्या कानाला नंतर. टक्.

आर्व्हिड हलला नाही. मग त्याने डावीकडे, स्टुलाकडे मान वळवली. चाळीस वर्षांत काम करताना त्याने तिकडे मान वळवलेली मी कधी बघितली नव्हती.

"पिनच हलकी होती, लव्हॉन," तो म्हणाला.

त्याने पुंगळी काढली, उलटी करून दोनदा आपटली, आणि निघालेला खडा वाडग्यात टाकला. मग माझ्याकडे न बघता हात मागे केला. मी खिशातलं पाकीट फाडून नवी पिन त्याच्या तळव्यावर ठेवली.